मानेतल्या शिरेचा हम: ऐकायचा कसा, थांबवायचा कसा आणि फसायला कुठे होतं

सहा-सात वर्षांचं निरोगी मूल स्टुलावर ताठ बसवा. उजव्या कॉलरबोनच्या आतल्या टोकाच्या जरा वर स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे छोट्या वाटीसारखी बाजू, अलगद टेकवा आणि मुलाला हनुवटी वर करून मान डावीकडे वळवायला सांगा. बऱ्याच मुलांत एक अखंड, घुमणारा आवाज येईल. पलीकडच्या घरात मिक्सर चालू असावा तसा, किंवा शंख कानाला लावल्यासारखा. डॉक्टरी भाषेत याला व्हीनस हम म्हणतात. हा हृदयाचा आजार नव्हे. डोक्याकडून छातीकडे उतरणारं रक्त मानेतल्या शिरेत घुमतं, त्याचा हा आवाज.

तरी या आवाजापायी मुलं टूडी इकोच्या रांगेत उभी राहतात. कारण तो कधीकधी कॉलरबोनखाली छातीवरही ऐकू येतो आणि तिथे तो पीडीएसारखा वाटतो. पीडीए म्हणजे महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना गर्भात जोडणारी नळी जन्मानंतरही उघडी राहणं. इको करण्यात वाईट काही नाही. पण जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटा, बुडालेली मजुरी आणि ‘पोराच्या हृदयाला भोक आहे’ ही आठवडाभर घरात बसलेली धास्ती, हे सगळं एका बोटाने टळत असेल तर ते बोट आधी वापरावं. पुढचा मजकूर मुख्यतः इंटर्न, शाळा-अंगणवाडी तपासणी पथकातले डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी आहे. पालकांसाठी आणि स्वतःच्याच कानात असा आवाज ऐकणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

आवाज येतो कुठून

बसलेल्या किंवा उभ्या माणसाचं डोकं हृदयाच्या वर असतं, त्यामुळे रक्त उतारावरून धावावं तसं खाली येतं. शिरेची भिंत पातळ. आतला दाब कमी झाला की ती अर्धवट मिटते. अरुंद जागेतून वेगाने आलेलं रक्त पुढे रुंद जागेत पडलं की त्यात भोवरे उठतात आणि भिंत थरथरते. बागेला पाणी घालताना पाइप चिमटला की तो सूंऽऽ करतो, तोच प्रकार. आतली जुग्युलर, म्हणजे डोक्यातलं रक्त खाली आणणारी मानेतली मोठी शीर, हाताकडून येणाऱ्या शिरेला मिळते तो संगम कॉलरबोनच्या आतल्या टोकामागेच आहे, म्हणून आवाजाची मुख्य जागा तीच. मान विरुद्ध बाजूला वळवली की शीर ताणली जाते आणि मानेच्या पहिल्या मणक्याच्या बाजूच्या टोकावर थोडी चेपली जाते, असंही सांगतात. वळवल्यावर आवाज चढतो हे मात्र तुम्हाला पहिल्याच दिवशी पटेल.

या एवढ्या माहितीतून तपासणीच्या सगळ्या युक्त्या निघतात, त्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत. आडवं झोपवलं की उतार संपला, शीर फुगली, भोवरे थांबले: आवाज बंद. शीर बोटाने दाबली की प्रवाह थांबला: आवाज बंद. दीर्घ श्वास आत घेतला की छाती रक्त ओढते: आवाज चढतो. नाक-तोंड बंद करून जोर केला की रक्त छातीत शिरत नाही: आवाज बंद. ‘लब-डब’मधल्या डबनंतर हृदयाच्या उजव्या बाजूची झडप उघडते, वरच्या कप्प्यातलं रक्त खालच्यात उतरतं आणि मानेतलं रक्त खाली खेचलं जातं, म्हणून अखंड चालणाऱ्या या हमचा जोर डबनंतर जास्त असतो. आणि उजवीकडे तो जास्त सापडतो, कारण उजवी जुग्युलर बहुतेकांत डावीपेक्षा रुंद असते आणि छातीतल्या मोठ्या शिरेकडे जवळजवळ सरळ उतरते.

जुन्या फ्रेंच वैद्यांनी याला ‘ब्रुई द दियाब्ल’ नाव दिलं होतं. दियाब्ल म्हणजे सैतान, पण इथे तो शब्द गुणगुणणाऱ्या भोवऱ्यासारख्या एका खेळण्याचा आहे. सैतानाचा आवाज असं भाषांतर करून उगाच घाबरू नये. पॅरिसचे डॉक्टर पोतँ यांनी १८६७ साली जुग्युलर शिरांच्या हालचाली आणि आवाज यांवर सविस्तर लिहिलं. त्या काळी हा आवाज रक्त कमी असलेल्या फिकट मुलींशी जोडला जाई. ते अर्धं खरं होतं, त्याकडे पुढे येऊ.

तपासणीआधी

खोलीत पंखा बंद करा. हा सल्ला क्षुल्लक वाटतो, पण हम हा मंद, खालच्या सुरातला आवाज आहे आणि छताचा पंखाही तशाच सुरात घुमतो. शाळेत तपासणी असेल तर वर्गाऐवजी मुख्याध्यापकांची खोली मागून घ्या आणि मधल्या सुट्टीची वेळ टाळा.

गळ्यातली चेन, काळा दोरा, ताईत काढा किंवा पाठीमागे सरकवा. दोरा बेलच्या कडेला घासला की येणारी खरखर नवख्या कानाला मर्मरसारखी, म्हणजे रक्तप्रवाहाच्या जादा आवाजासारखी वाटते. शर्टाचं वरचं बटण आणि मुलींच्या गणवेशाची गळपट्टी मोकळी करा. घट्ट कॉलर शीर दाबते आणि मग ऐकायला काही उरतच नाही. बेल तळहातावर चोळून गरम करा, नाहीतर गारठ्याने मूल खांदे वर घेतं आणि कॉलरबोनच्या वरची जागाच नाहीशी होते.

बेल आणि डायफ्राम (सपाट पडद्याची बाजू) वेगळे असतील तर बेल वापरा. एकच पडदा असलेल्या नव्या स्टेथोस्कोपमध्ये हलकं टेकवलं की बेलचं काम होतं, दाबलं की डायफ्रामचं. इथे हलकंच हवं.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी बसवून, मग झोपवून, मग पुन्हा बसवून. तपासणीच्या टेबलावर फक्त झोपवूनच ऐकणाऱ्याला हम कधी सापडतच नाही. पुढच्या खेपेला दुसरं कुणी मुलाला बसवून ऐकतं, आवाज मिळतो, आणि कार्डावर ‘नवीन मर्मर’ अशी नोंद पडते. मूल तेच असतं, बदललेली असते ती बसण्याची रीत.

ऐकण्याची पद्धत

मूल स्टुलावर किंवा आईच्या मांडीवर, पाठ ताठ, पाय खाली सोडलेले. आधी हृदयाच्या नेहमीच्या चार जागा ऐकून घ्या, म्हणजे लब आणि डब कानात बसतील. मग मानेकडे या. कानामागून निघून छातीच्या हाडाकडे तिरका उतरणारा स्नायू, स्टर्नोमास्टॉइड, खाली दोन भागांत फुटतो. एक भाग छातीच्या मधल्या हाडाला चिकटतो, दुसरा कॉलरबोनला. त्या दोघांमध्ये छोटा त्रिकोणी खळगा दिसतो. बेल तिथे, किंवा कॉलरबोनला चिकटणाऱ्या भागाच्या किंचित बाहेर. बारीक मुलात खळगा लहान असतो आणि बेलची एक कड अधांतरी राहते. बेल तिरकी करून पूर्ण टेकेल अशी जागा शोधा, कारण फट राहिली की बाहेरचा आवाज आत शिरतो.

मान सरळ ठेवून पाचसहा ठोके ऐका. काही न आल्यास हनुवटी वर आणि तोंड विरुद्ध बाजूला. लहान मुलाला ‘मान वळव’ सांगून उपयोग होत नाही. भिंतीवरचं घड्याळ किंवा दारातल्या आजीकडे बघायला सांगा, मान आपोआप वळते. वळलेली मान मुलाने स्वतःच्या ताकदीने धरून ठेवली तर स्नायूची गुरगुर ऐकू येते, तीही हमसारखीच. म्हणून हनुवटीखाली आईचा हात आधाराला द्या.

आवाज अखंड आहे का हे ठरवायला दुसऱ्या हाताने नाडी धरा. नाडीच्या ठोक्याबरोबर येऊन मधे पूर्ण थांबणारा आवाज हम नव्हे, तो धमनीचा किंवा झडपेचा असण्याचा संभव जास्त. हम थांबत नाही. चढतो, उतरतो, पण धागा तुटत नाही. श्वासाचा आवाज मधे येत असेल तर पाच सेकंद श्वास रोखायला सांगा, मात्र ‘जोर करू नकोस, नुसता थांब’ असं बजावून. मुलं गाल फुगवून जोर करतात, हम गायब होतो आणि आपण म्हणतो, ऐकलं ते भासच असावा.

थांबवून बघणं

सगळ्या तपासणीचं मर्म इथे आहे. बेल आहे तिथेच राहू द्या. मोकळ्या हाताच्या तर्जनीने गळघाटीच्या पातळीवर आधी कॅरॉटिड, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीचा ठोका चाचपा. ठोका सापडला की बोट त्याच्या बाहेरच्या अंगाला सरकवा, इतकं की ठोका बोटाखाली जाणवणार नाही. तिथे हलकेच दाबा, नख किंचित पांढरं पडेल एवढंच. शीर पृष्ठभागाजवळ आहे आणि आतला दाब नगण्य, जास्त जोराची गरजच नाही. दोन-तीन सेकंदांत सोडा.

हम असेल तर बोट टेकताच कुणी बटण बंद करावं तसा आवाज जातो, आणि बोट उचलताच परत येतो, बऱ्याचदा क्षणभर आधीपेक्षा मोठा. दोनदा करून बघा. एकदा गेला तर योगायोग असू शकतो, मूल हललं असेल. दोनदा गेला आणि दोनदा परत आला तर शंका उरत नाही.

बोट बेलच्या वर, म्हणजे डोक्याच्या बाजूला हवं. रक्त वरून खाली येतं आहे, तोटी वरच बंद करायची. अर्धवट दाबलं तर शीर फक्त अरुंद होते आणि आवाज जाण्याऐवजी उंच सुरात चढतो. तेव्हा बोट थोडं बाहेर किंवा आत सरकवून पुन्हा किंचित दाब द्या. तरीही तसूभर फरक पडत नसेल तर बोट चुकीच्या जागी आहे, किंवा आवाज शिरेचा नाही. दोन्ही शक्यता मनात ठेवा आणि झोपवून बघा.

मग आडवं झोपवा, उशी न देता. हम विरतो. पुन्हा बसवा, परत येतो. मोठ्या मुलाला तळहाताच्या मागच्या बाजूला ओठ घट्ट लावून फुगा फुगवल्यासारखं करायला सांगितलं तर चार-पाच सेकंद आवाज थांबतो. रडणाऱ्या मुलावर यातलं काहीच नीट होत नाही. त्याला दहा मिनिटं सोडून द्या, दुसऱ्याला घ्या.

शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात आणि खरं तर तीच इकोची फेरी वाचवते: बेल कॉलरबोनच्या खाली, दुसऱ्या बरगडीखालच्या फटीत, आधी उजवीकडे मग डावीकडे ठेवा आणि मानेतली त्या-त्या बाजूची शीर पुन्हा दाबा. छातीवरचा आवाजही पूर्ण गेला तर तो मानेतूनच खाली आलेला होता. थोडासा उरला तर जे उरलं ते वेगळं प्रकरण आहे, त्याला हम म्हणून गुंडाळू नका. एका मुलात हमही असू शकतो आणि पीडीएही.

काय करायचं नाही

दोन्ही बाजू एकाच वेळी दाबायच्या नाहीत. धमनीवर दाब द्यायचा नाही. गळघाटीच्या वरच्या पातळीवर कॅरॉटिड दुभंगते, तिथे रक्तदाब जोखणारी संवेदनशील जागा असते आणि ती चोळली गेली की नाडी मंदावते, वयस्कर माणसाला चक्कर येऊन तो खाली बसू शकतो. पन्नाशीपुढच्या, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा मधुमेह-रक्तदाबाच्या जुन्या रुग्णात हा बोटाचा प्रयोग करूच नये असं आमचं मत. धमनीत मेदाचा थर असेल तर दाबण्याची जोखीम घेण्याइतकं हमचं निदान मोलाचं नाही. त्यांना झोपवून-बसवून ऐकलं तरी पुरतं. शिवाय त्या वयात मानेतला आवाज निरुपद्रवी असेल या गृहीतकानेच सुरुवात करू नये.

बेल जोरात दाबणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक, आणि ती दोन्ही बाजूंनी नडते. बेलच शीर बंद करते, असलेला हम ऐकू येत नाही; आणि बेलखाली धमनी चेपली गेली तर नसलेला ‘फुस्’ आवाज तयार होतो.

सारखे वाटणारे बाकीचे आवाज

पीडीएचा आवाजही अखंड असतो. डॉक्टर गिब्सन यांनी १९०० साली त्याचं वर्णन केलं. त्याची जागा डाव्या कॉलरबोनखाली, आणि त्याचा कळस डबच्या आसपास येऊन मग ओसरतो, हम मात्र डबनंतर जोर धरतो. आगगाडी बोगद्यातून जावी तसा खडबडीत, आणि मूल बसो, झोपो, मान वळवो, शीर दाबो, त्याला फरक पडत नाही. नळी मोठी असेल तर हातापायांची नाडी उसळती लागते. कान नवखा असेल तर सूर ओळखण्याच्या भरीला पडू नका, ‘बदलतो की नाही’ एवढंच बघा.

मुलांमध्ये आणखी एक निरुपद्रवी आवाज कॉलरबोनच्या वरच मिळतो, तो धमन्यांचा. तो छोटा, लबनंतर लगेच येऊन संपणारा. दोन्ही कोपरं मागे नेऊन खांदे ताणले की तो विरतो. हम आणि हा आवाज एकाच मुलात एकत्र मिळाले तर गोंधळू नका: शीर दाबा, हम जाईल, उरेल तो तुटक आवाज. मग खांदे मागे न्या.

महाधमनीची झडप अरुंद असेल तर तिचा आवाज मानेत वर चढतो. पण तो नाडीबरोबर येतो, मधे थांबतो, उजव्या दुसऱ्या बरगडीपाशी सर्वांत मोठा असतो आणि बोट ठेवलं तर कधी थरथर हाताला लागते. कॅरॉटिड अरुंद झाल्याचा आवाज जबड्याच्या कोनाखाली, उंच सुरात, प्रौढांमध्ये. थायरॉइड वाढून अतिकाम करत असेल तर ग्रंथीवरच बेल ठेवल्यावर आवाज येतो आणि शीर दाबून जात नाही. पण अशा रुग्णात रक्ताचा वेग वाढल्याने हमही असतो, तेव्हा आधी शीर दाबून हम बाजूला काढा आणि मग ग्रंथी ऐका. डायलिसिससाठी हातात फिस्टुला (धमनी आणि शीर यांची जोडणी) केलेल्यांत मानेत आवाज मिळणं अपेक्षितच आहे. आणि छातीच्या बाजूला ऑपरेशनचा व्रण दिसला तर आधी फाइल मागा. निळेपणासाठी धमन्यांची जोडणी केलेल्या मुलांत अखंड मर्मर असायलाच हवा, तो नसेल तर काळजी.

एक वर्षाखालच्या बाळात अखंड मर्मर मिळाला तर हे सगळं बाजूला ठेवून सरळ इको. त्या वयात हमवर भिस्त ठेवायची नाही.

हम सापडला, आता पुढे काय

हम स्वतः निरुपद्रवी. पण रक्त जास्त वेगाने का धावतं आहे, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. ताप, रक्तक्षय, गरोदरपण, थायरॉइडची अतिक्रिया, या सगळ्यांत हम नव्याने येतो किंवा मोठा होतो. फिकट मुलींशी तो जोडला जाई ते याच कारणाने. अर्धं खरं अशासाठी, की हिमोग्लोबिन उत्तम असलेल्या मुलांतही हम सर्रास असतो आणि रक्तक्षय असलेल्या अनेकांत तो नसतो. हमवरून रक्तक्षयाचं निदान करू नका, पण हम मिळाल्याच्या निमित्ताने पापणीची आतली बाजू, तळहात आणि नखं बघून घ्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७.१ टक्के मुलांत आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय होता. एवढ्या प्रमाणात तो आजूबाजूला असताना बोट टोचून थेंबभर रक्त तपासणं स्वस्तच. पाच ते अकरा वर्षांत ११.५ ग्रॅमखाली, गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीत १२ खाली आणि गरोदरपणात ११ खाली हिमोग्लोबिन असेल तर तो रक्तक्षय. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी प्रतिबंधासाठी आहे. रक्तक्षय निघालेल्या मुलाला रोजच्या मात्रेत लोह लागतं, ती मात्रा वजनावरून डॉक्टरांनी ठरवायची.

थायरॉइडसाठी मूल शांत बसलेलं असताना नाडी मोजा, पसरलेल्या बोटांचा कंप बघा, वजन घटतंय का विचारा. एवढ्यात कल समजतो.

निरुपद्रवी म्हणण्याआधी आणखी चार गोष्टी तपासाव्या लागतात आणि त्यांना तीन मिनिटं पुरतात: जांघेतली नाडी लागते का, बोटातला ऑक्सिजन ९५ टक्के किंवा वर आहे का, डब स्वच्छ ऐकू येतो का, आणि मूल वयाप्रमाणे वाढतंय का. खेळताना इतरांआधी बसकण मारणं, दूध पिताना घाम येणं, वारंवार न्यूमोनिया, ओठ किंवा नखं निळी होणं, बोटांची टोकं फुगीर असणं, यातलं काही असेल तर हम शंभर टक्के सिद्ध झाला तरी इको करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासली जातात आणि जन्मजात हृदयविकार त्या यादीत आहे, तेव्हा पाठवण्याची सोय आहे. प्रश्न फक्त कुणाला पाठवायचं याचा.

नोंद करताना ‘मर्मर +’ एवढं लिहून ठेवू नका, पुढच्याची फसगत होते. अशी लिहा: ‘बसलेल्या स्थितीत उजव्या कॉलरबोनच्या वर अखंड मर्मर, ६ पैकी २ तीव्रता, मान डावीकडे वळवल्यावर वाढतो. उजवी आतली जुग्युलर दाबल्यावर आणि आडवं झोपल्यावर पूर्ण नाहीसा. कॉलरबोनखाली काही उरत नाही. जांघेतली नाडी दोन्हीकडे नीट. ऑक्सिजन ९८. व्हीनस हम, इकोची गरज नाही.’ यातलं ‘पूर्ण’ हे क्रियाविशेषण खरं असेल तरच लिहायचं.

पालकांशी बोलताना

‘आवाज आहे’ हे वाक्य आधी उच्चारलं की पुढचं काही ऐकलं जात नाही. क्रम उलटा ठेवा: ‘हृदय चांगलं आहे, भोक नाही. मानेतल्या शिरेतून रक्त उतरताना आवाज येतो, नळातून पाणी येताना येतो तसा. झोपलं की बंद होतो.’ शक्य असेल तर आईच्या कानाला स्टेथोस्कोप लावा आणि तुम्ही शीर दाबून-सोडून दाखवा. अर्ध्या मिनिटाच्या या प्रात्यक्षिकाने जी खात्री पटते ती तोंडी समजावण्याने पटत नाही.

मग नेमकं सांगा: पळणं, कबड्डी, पोहणं, पीटी काहीही बंद नाही. औषध नाही. दात काढण्याआधी यासाठी म्हणून वेगळं अँटिबायोटिक नाही. दरवर्षी इको नाही. मोठं होताना बहुतेकांत हा आवाज ऐकू येईनासा होतो, काहींत तरुणपणीही राहतो आणि राहिला तरी चालतो. घरी मात्र मुलाची मान दाबून बघू नये, भावंडांनी तर नाहीच. हे स्पष्ट बजावलेलं बरं, कारण दवाखान्यात पाहिलेला प्रयोग घरी करून दाखवायचा मोह मुलांना होतोच.

स्वतःच्या कानात ऐकू येत असेल तर

हे प्रकरण वेगळं आहे आणि वरचं सगळं त्याला जसंच्या तसं लागू नाही. डॉक्टरांनी स्टेथोस्कोपने ऐकलेला, तुम्हाला स्वतःला न जाणवणारा मानेतला हम सोडून देता येतो. पण रात्री उशीवर डोकं टेकल्यावर एका कानात नाडीच्या तालावर घूंऽऽ-घूंऽऽ चालू असेल तर तो तपासून घ्यायचा, भले तो शिरेचा निघो.

शांत खोलीत बसून मनगटाची नाडी धरा आणि आवाज तिच्या तालावर आहे का बघा. मग मान आवाजाच्याच बाजूला सावकाश वळवा. शिरेतला आवाज बहुधा कमी होतो, विरुद्ध बाजूला वळवल्यावर वाढतो. एवढंच टिपून ठेवा आणि नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जा. मान दाबून बघायचं काम त्यांच्यावर सोडा. दाबल्यावर आवाज थांबला तर उगम शिरेत आहे असं समजतं, पण कारण तेवढ्याने कळत नाही. कानामागच्या मोठ्या शिरेवरचं हाड पातळ किंवा नसलेलं असणं, जुग्युलरचा वरचा फुगवटा उंच असणं, मेंदूतल्या शिरेचा एखादा भाग अरुंद असणं, अशी कारणं सीटी किंवा शिरांच्या एमआरआयमध्ये दिसतात.

एक कारण चुकवून चालत नाही: डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढणं. हे मुख्यतः वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांत होतं. सोबत डोकेदुखी, वाकल्यावर किंवा उठल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधार, कधी एकाचे दोन दिसणं. मुरुमांसाठी घेतलेल्या टेट्रासायक्लिन गटातल्या गोळ्या किंवा अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस यांनीही असा दाब वाढू शकतो, म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्या. नेत्रतज्ज्ञ बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याचा मागचा पडदा बघतात, डोळ्याच्या मज्जातंतूला सूज आहे का हे तिथे दिसतं. ही तपासणी लांबवली तर नजर जाऊ शकते. अशी लक्षणं असतील तर कानाच्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला, मान दाबूनही न थांबणारा, किंवा हातापायाच्या कमजोरीबरोबर आलेला आवाज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

मुलांच्या बाबतीत उरते एक छोटी सूचना. पुढच्या तपासणीला मूल तापाने फणफणलेलं असेल तर तोच हम दुप्पट मोठा लागेल आणि छातीपर्यंत उतरेल. जुनं कार्ड उघडून नोंद वाचा, शीर दाबून बघा, आणि ताप उतरल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा ऐका.